पिकअपच्या चाकात हवा किती?

टोमॅटोची तोडणी सुरू झालीय, त्यामुळे निम्म्याजणी आत्ता रानात असणार आणि मोबाईल बांधावर ठेवून ऐकत असणार. ऐका, हात चालू ठेवून ऐकलं तरी चालेल.

आजचा विषय आहे पिकअपच्या टायरमधली हवा. आता कुणी म्हणेल, हा काय बायकांचा विषय आहे का? तर मला सांगा, आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात आज किती घरांसमोर पिकअप उभी असते? तिच्या कर्जाच्या कागदावर दुसरी सही कुणाची आहे? पहिला हप्ता भरायला बचत गटातून पैसे कुणी उचलले? हप्ता आपला, रात्रीचा माल घेऊन वाशीला जाणारा माणूस आपला, आणि चाकात हवा किती आहे ते मात्र नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला ठाऊक. तेही अंदाजानं.

आमच्या घरी पिकअप आहे. तिचा डिझेल-टायरचा हिशेब मी ठेवते आणि गरज पडली तर नारायणगावच्या मार्केटपर्यंत चालवतेही. त्यामुळे हा प्रश्न मी पुष्कळांना विचारलाय : हवा किती ठेवायची? तीन उत्तरं ठरलेली. एक, ‘टायरवरच लिहिलंय की, तेवढी भरा.’ दुसरं, ‘चारी चाकांत सारखी मारा, काय होत नाही.’ आणि तिसरं, ‘उन्हाळ्यात जरा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटतो.’ तिन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि तिसरं तर जीवावर बेतणारं आहे. ते का, हे सांगायलाच मी आज बसलेय.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मालाचं वजन टायर उचलत नाही, टायरमधली हवा उचलते. रबर म्हणजे नुसती पिशवी. आपण ‘पाउंड हवा’ म्हणतो, म्हणजे एक इंच लांब आणि एक इंच रुंद एवढ्या तुकड्यावर हवा किती जोर लावते ते. मीटरवर त्याला पीएसआय म्हणतात. घरातला कुकर घ्या. शिट्टी होते तेव्हा आतला दाब साधारण १५ पाउंड असतो. भरलेल्या पिकअपच्या मागच्या चाकात ६० पाउंड हवा असेल तर ती कुकरच्या चौपट झाली. आणि कुकरला आपण किती जपतो! शिट्टी अडकली तर गॅस बंद करून लांब उभ्या राहतो.

आता ह्या चाकावर सहाशे किलो भार आला, तर चाक जमिनीला किती टेकतं? आपल्या तळहाताएवढं, फार तर थोडं जास्त. चार चाकांचे चार तळहात, त्यांच्यावर अख्खी गाडी माळशेज घाट उतरते. हवा कमी असली की टायर बसतो, त्याच्या बाजू फुगतात, आणि चाक फिरताना प्रत्येक फेऱ्याला त्या बाजू दुमडतात आणि सरळ होतात. ताशी साठच्या वेगानं चाक मिनिटाला साधारण साडेचारशे फेरे घेतं. एखादी तार सारखी इकडून तिकडे वाकवून बघा. वाकते त्या जागी ती गरम होते, आणि शेवटी तुटते. टायरचं अगदी तसंच होतं. आतल्या तारा आणि धागे तापतात, रबराची पकड सुटते, आणि एका क्षणी वरचा थर उचकटतो किंवा टायर बाजूनं फाटतो.

म्हणजे उन्हाळ्यात टायर फुटतो हे खरं. पण तो बहुतेक वेळा हवा जास्त झाली म्हणून फुटत नाही. हवा कमी, माल जास्त आणि रस्ता तापलेला, ह्या तिघांनी मिळून तो फुटतो. आणि आपण उपाय काय करतो? आणखी हवा सोडतो.

मग आकडा कुठे मिळतो? ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, खांबाला, एक स्टिकर असतो. तिथं नसेल तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो. ते पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळून देवघराशेजारच्या फळीवर ठेवलेलं असेल, ते काढा. त्यावर पुढच्या चाकांचा आकडा वेगळा आणि मागच्यांचा वेगळा असतो. पुष्कळ गाड्यांना रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा असेही दोन आकडे असतात. आपली हवा ती. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा कोरलेला असतो, ती त्या टायरची मर्यादा आहे. टायर बनवणाऱ्याला तो कुठल्या गाडीला, कुठल्या चाकाला लागणार हे माहीत नसतं. गाडी बनवणाऱ्याला माहीत असतं, म्हणून ऐकायचं गाडीचं.

स्टिकरवर कधीकधी पाउंड नसतात, किलोपास्कल किंवा बार लिहिलेलं असतं. घाबरू नका. एक बार म्हणजे साडेचौदा पाउंड, आणि शंभर किलोपास्कल म्हणजेही तेवढेच. २४० किलोपास्कल लिहिलं असेल तर ते झाले ३५ पाउंड. ४५० असेल तर ६५. एकदा पोरांकडून हिशेब करून घ्या आणि दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं ठळक लिहून टाका. पुढे इतकी, मागे इतकी. कुणीही ड्रायव्हर बसू दे, समोर दिसलं पाहिजे.

पुढे-मागे वेगळी हवा का? कारण इंजिन पुढे आहे आणि हौदा मागे. गाडी रिकामी असते तेव्हा पुढच्या चाकांवर बरंच वजन असतं, मागचं हलकं असतं. माल भरला की जवळजवळ सगळा भार मागच्या दोन चाकांवर जातो. म्हणून चारी चाकांत सारखी हवा ही पिकअपला चालत नाही.

आता मालाचं बोलू, कारण खरी गडबड इथं आहे. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि पूर्ण भरलेल्या गाडीचं. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. समजा, तेराशे किलो आले. आपला टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा, रिकाम्या क्रेटचं वजन धरून बावीस म्हणा. तेराशे भागिले बावीस, म्हणजे एकोणसाठ क्रेट. पुढे बसलेल्या दोघांचंही वजन त्यातच धरायचं असतं, म्हणजे खरं तर बावन्न-त्रेपन्न. आणि भाव चढला की आपण किती चढवतो? ऐंशी. नव्वद. फाळक्याच्या वर दोन थर, वरून दोरी. ‘जाते की गाडी,’ म्हणतात. जाते, बरोबर आहे.

स्टिकरवरचा मागचा आकडा हा त्या तेराशे किलोसाठी आहे. त्याच्यावर माल गेला तर कुठलाही आकडा बरोबर नाही. काहीजण म्हणतात, पाच-दहा पाउंड जादा मारू. जादा हवेनं टायरची मर्यादा वाढत नाही, रिमची नाही, पाट्यांची नाही आणि ब्रेकची तर नाहीच नाही. हे मी ड्रायव्हर मंडळींना सांगितलं तर ते हसतात. पण माल किती भरायचा हे पुष्कळ घरांत आता बायकाही ठरवतात, क्रेट मोजून देणाऱ्या आपणच असतो. म्हणून तुम्हाला सांगतेय.

टायरवर आणखी एक आकडा बघायला शिका. मापाच्या शेवटी १०६/१०४ असं काही तरी असतं. तो भाराचा आकडा. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकांसाठी. पण हे ९५० किलो टायर कधी उचलतो? पूर्ण हवा असेल तेव्हाच. हवा उतरली की ही ताकदही उतरते. नवीन टायर घेताना दुकानदार स्वस्तातला दाखवतो, माप तेच असतं, पण भाराचा आकडा कमी असू शकतो. गाडीबरोबर आलेल्या टायरपेक्षा तो कमी असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळू दे. त्याचबरोबर बनवल्याची तारीखही बघा. चार आकडे असतात. २३२४ लिहिलं असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

आता थंड आणि गरम. हा भाग जरा नीट ऐका, इथंच सगळ्यांची फसगत होते.

स्टिकरवरचा आकडा हा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे बर्फासारखा नव्हे. गाडी तीन-चार तास उभी आहे, उन्हात नाही, असा टायर. आपल्याकडे त्याची खरी वेळ पहाटेची, दारात गाडी उभी असते तेव्हाची. गाडी चालली की टायर तापतो, आतली हवा तापते, आणि दाब वाढतो. ते होणारच, आणि गाडी बनवणाऱ्यानं ते धरलेलं आहे.

समजा, मागच्या चाकांचा आकडा ६२ आहे. पहाटे ६२ भरली. माल चढवला, आळेफाट्यावरून ओतूर, माळशेज उतरून गाडी मुरबाडला आली. घाटात ब्रेकचीही उष्णता चाकाला लागते. तिथं चहाला थांबल्यावर कुणी मीटर लावलं तर ते ७० दाखवील. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘अरे बापरे, हवा फार झाली, सोड.’ आणि ६२ वर आणतात. झालं! दुसऱ्या दिवशी टायर थंड झाला की तीच हवा ५५ भरेल. म्हणजे भरल्या गाडीत सात पाउंड कमी. मग ती गाडी आणखी तापते, पुन्हा मीटर जास्त दाखवतं, पुन्हा कुणीतरी सोडतं. म्हणून एवढं पाठ करून ठेवा : गरम टायरची हवा सोडायची नाही. गरम टायरमध्ये कमी दिसली तर मात्र ती खरोखरच कमी आहे, तेव्हा जरूर भरायची.

आता पंप आपल्या दारात नसतो. नाक्यापर्यंत जाईस्तोवर टायर कोमट होतोच. त्यावर सोपा हिशेब आहे. पहाटे घरीच स्वतःच्या मीटरनं मोजा. ५६ भरली, हवी ६२, म्हणजे सहा कमी. तो ‘सहा’ लक्षात ठेवा. पंपावर मीटर लावल्यावर ५९ दिसली, तर तिथं ६५ करा. तिथला आकडा काहीही असू दे, आपल्याला सहा वाढवायचे आहेत. दुधात पाणी घालून मोजणाऱ्यांना हे लगेच कळेल. मी कुणाचं नाव घेत नाही.

थंडीतही असंच होतं. आपल्याकडे पौषात दुपारी तीसच्या वर ऊन आणि पहाटे दहा-बारा डिग्री. साठ पाउंडाच्या टायरमध्ये दहा डिग्री फरकाला अडीच पाउंडांचा फरक पडतो. दुपारी भरलेली हवा पहाटे चार-पाच पाउंड कमी दिसली तर पंक्चर आहे असं समजू नका. मोजायची वेळ मात्र एकच ठेवा.

त्यासाठी स्वतःचं मीटर पाहिजे. चारशे-पाचशे रुपयांत बरं मिळतं. घेताना एवढंच बघा की ते शंभर पाउंडांपर्यंत मोजणारं असावं, कारण मोटारसायकल-कारवालं मीटर मध्येच थांबतं. पंपावरची मीटरं धुळीत पडलेली, आपटलेली असतात, सगळी खरं बोलतातच असं नाही. आणि हो, पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी. तशी सोय ठेवणं पंपचालकांना बंधनकारक आहे. ‘मशीन बंद आहे’ हे उत्तर रोज मिळत असेल तर तक्रारवही मागा. वही मागितली की मशीन चालू होतं असा बऱ्याचजणींचा अनुभव आहे.

दर आठवड्याला मोजा, आणि लांबचा माल जाणार असेल त्या पहाटे तर मोजाच. व्हॉल्व्हचं टोपण नीट लावा. एकाच चाकाची हवा सारखी उतरत असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बघा, बुडबुडे आले तर तिथंच कळलं.

रिकाम्या गाडीचं काय, असं मागच्या महिन्यात एका ताईंनी विचारलं होतं. चांगला प्रश्न आहे. ६२ पाउंड हवेवर रिकामी पिकअप मागून उड्या मारते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. टायर मधोमध टेकतो, पकड कमी होते, पावसात ब्रेक मारला की मागची बाजू सरकते. स्टिकरवर रिकाम्या गाडीचा आकडा असतो तो ह्यासाठीच. पण जाताना माल आणि येताना रिकामी, असं एकाच दिवसात असेल तर सोडा-भरा करत बसू नका. भरल्या मालाचीच हवा ठेवा आणि येताना सावकाश या. हंगाम संपला, गाडी पंधरा दिवस नुसती किराणा आणायला जातेय, तर उतरवा. फक्त पहिला क्रेट चढायच्या आधी परत भरली पाहिजे, आणि ती भरली का हे विचारणारं घरात कुणीतरी पाहिजे. कमी-जास्तीत निवड करायचीच असेल तर ध्यानात ठेवा, रिकाम्या गाडीला जास्त हवा म्हणजे कंबरेला त्रास आणि पावसात जपून. भरल्या गाडीला कमी हवा म्हणजे टायर फुटण्याची तयारी.

टायर स्वतःही बोलतो. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या आणि मधलं रबर शिल्लक, तर हवा कमी ठेवली जातेय. मधला भाग झिजला आणि कडा शाबूत, तर जास्त. एकच कड खाल्ली तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट करून घ्या. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर गोटा झाला, बदला. आणखी एक, चहाला गाडी थांबली की तव्याची धग बघतो तसा हाताचा पालथा पंजा चारी टायरजवळ न्यावा. एक टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक चिकटतोय. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर तिथं टायर तपासायची वेळ आली ती उगीच नाही. सिमेंटचा सरळ रस्ता, सलग वेग, आणि खाली गोटा टायर.

नायट्रोजन भरावा का? आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. पैसे वाचवा, मीटर घ्या.

आता जे बोलायचंय ते जरा जड आहे. खुरपणीला, तोडणीला, लग्नाला, जत्रेला आपण बाया पिकअपच्या हौद्यात उभ्या राहून जातो. मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्यानं मना आहे, आणि काही झालं तर विम्याचे पैसे मिळताना नाकीनऊ येतात. बसू नये, हेच खरं. पण एसटी त्या वेळेला नसते आणि मुकादम दुसरी गाडी पाठवत नाही, हेही मला माहीत आहे. पंचवीस बाया म्हणजे तेराशे-चौदाशे किलो, डबे आणि खुरपी वेगळी. क्रेट निदान मोजून चढवतात, बायांना कुणी मोजत नाही. क्रेट खाली बसलेले असतात, बाया उभ्या असतात, म्हणून वळणावर गाडी लवकर कलते. अशा गाडीचं मागचं टायर बसलं तर ती सावरत नाही. तेव्हा पाय वर टाकायच्या आधी मागच्या दोन चाकांकडे एकदा बघा. टायर खाली पसरलेला, बाजू फुगलेली दिसली तर मोठ्यानं बोला. एकटीनं बोलायला भीती वाटते, चौघीजणी बोलल्या की मुकादम पंप शोधतो. आणि गाडी आपल्याच घरची असेल तर बाया भरून पाठवायचीच नाही, हे घरात ठणकावून सांगा.

चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, जोरात ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा, मग कडेला. घरात जो कुणी गाडी चालवतो त्याला हे आज जेवताना विचारा, बघा काय उत्तर देतो.

आणि स्टेपनी! ती तर बिचारी गाडीखाली लटकलेली, चिखलानं माखलेली, वर्षभर कुणी हात लावत नाही. नेमकी रात्री दोन वाजता घाटात तिची आठवण होते आणि तीही बसलेली निघते. चार चाकं मोजाल तेव्हा पाचवंही मोजा, आणि त्यात मागच्या चाकाएवढी, म्हणजे जास्तीची हवा ठेवा. पुढे लावायची वेळ आली तर तेवढी सोडता येते, पण माळशेजमध्ये हवा भरायला कुणी भेटत नाही.

उद्या पहाटे गाडी दारात उभी असेल, तेव्हा दार उघडून स्टिकर शोधा. आकडा सापडला नाही किंवा पुसला गेलाय, तर गाडीचं मॉडेल आणि टायरचं माप कागदावर लिहून आपल्या केंद्रावर आणून द्या, पुढच्या मंगळवारी सर्व्हिस सेंटरचे मेकॅनिक दादा येणार आहेत, त्यांच्याकडून विचारून सांगते. नमस्कार.